इंत्रूज (पणजीचा कार्निव्हल)

ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागायच्या आधी गोव्यात जे खाणंपिणं, नाचगाणं, सोंगं आणि मिरवणुका चालतात त्याला कोकणीत इंत्रूज म्हणतात, बाहेरचे लोक कार्निव्हल म्हणतात. पणजीत शनिवारी दुपारी चित्ररथांची मिरवणूक निघते तिथपासून मंगळवारी मध्यरात्रीपर्यंत, असे हे चार दिवस. पोर्तुगीजमध्ये त्या शनिवारला साबादो गोर्दो म्हणजे लठ्ठ शनिवार म्हणतात, रविवार, सोमवार, मंगळवारही असेच लठ्ठ. बुधवारी सकाळी चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली की विषय संपला. मिरवणुकीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे इथे जास्त भर त्याच्या मागच्या गोष्टीवर आहे, म्हणजे हे नक्की किती जुनं, कुठून आलं, आणि पणजीत दिसतं तेच इंत्रूज का.

नावापासून सुरुवात करू, कारण गोंधळ तिथूनच आहे. कार्निव्हल या शब्दाची तीन मुळं सांगतात. 'कार्ने वाले' म्हणजे "मांसा, येतो रे बाबा" ही सगळ्यात लोकप्रिय, पण ती नंतर बसवलेली कोटी वाटते, आपल्याकडे गावांच्या नावांच्या व्युत्पत्त्या सांगतात त्या जातीची. दुसरी 'कार्रुस नावालिस', म्हणजे चाकांवरचं जहाज, रोमन काळात इसिस देवीच्या जहाजाची मिरवणूक वसंताच्या तोंडावर निघायची तिच्याशी हे जोडतात, १९ व्या शतकातल्या जर्मन पंडितांना ही फार आवडायची कारण तिच्यामुळे सण एकदम ख्रिस्तपूर्व होऊन जातो. तिसरी 'कार्नेलेवारे', मांस बाजूला काढणं. हा शब्द इटलीतल्या दहाव्या शतकाच्या आसपासच्या लॅटिन कागदपत्रात तारखेची खूण म्हणून येतो, अमुक व्यवहार मांस सोडायच्या दिवसापर्यंत पुरा करायचा अशा अर्थानं. आज बहुतेक अभ्यासक तिसरीकडे झुकतात आणि ते बरोबर दिसतं, कारण बाकी दोघींना कागदाचा आधार नाही.

पण गोव्यातला जुना शब्द कार्निव्हल नव्हेच. इंत्रूज आला पोर्तुगीज 'एंत्रूदो' वरून आणि तो लॅटिन 'इंत्रोइतुस' म्हणजे प्रवेश यावरून, उपवासकाळात शिरायचं दार. स्पेनच्या वायव्येला गॅलिसियात याच सणाला एंत्रोइदो म्हणतात, शेजारच्या आस्तुरियात आंत्रोशू. म्हणजे आपला इंत्रूज हा इटलीच्या व्हेनिसच्या मुखवट्यांच्या घराण्यातला नसून इबेरियाच्या खेड्यातल्या धांगडधिंग्याच्या घराण्यातला आहे. हा फरक पुढे कामाला येईल.

तारखेचं गणित आपल्या पंचांगवाल्यांना आवडेल असं आहे. ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा नंतर जी पहिली पौर्णिमा येते तिच्यानंतरचा पहिला रविवार. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार (उपवासाचे ४० आणि मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत), आणि त्याचा आदला दिवस इंत्रूजचा मंगळवार, म्हणून तो ३ फेब्रुवारी ते ९ मार्च यांच्या मध्ये कधीही पडतो. पौर्णिमेपासून दीड चांद्रमास मागे गेलं की अमावास्या येते, त्यामुळे हा मंगळवार दरवर्षी कुठल्यातरी अमावास्येच्या एकदोन दिवस आधी ते चारपाच दिवस नंतर, एवढ्यातच सापडतो. २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी, नेमकी माघ अमावास्या, आणि त्याच इंत्रूजच्या रविवारी महाशिवरात्र. २०२५ मध्ये ४ मार्च, फाल्गुन शुद्ध पंचमी. २०२४ मध्ये तर १३ फेब्रुवारीला मंगळवारी माघी गणेश जयंती आणि इंत्रूजचा शेवट एकाच दिवशी आले होते. आपला अधिक महिना कुठे पडला यावर महिना इकडचा तिकडे होतो एवढंच. शिगमो, म्हणजे गोव्यातला शिमगा, फाल्गुन पौर्णिमेशी बांधलेला असल्यामुळे तो इंत्रूजच्या मागोमाग पंधरवड्यानं तरी येतो नाहीतर दीडेक महिन्यानं. "दोन्ही मूळचे एकच सण" असं जे कधीकधी ऐकू येतं त्यामागे ही जवळीक आहे, बाकी पुरावा म्हणावा असं काही नाही.

आता किती जुनं. "गोव्याचा पाचशे वर्षांचा कार्निव्हल" हे वाक्य टुरिस्ट पुस्तिकेत हमखास असतं. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा घेतला त्यावरून केलेली ही बेरीज आहे. पोर्तुगीज शिपाई आणि व्यापारी लिस्बनला जे करायचे ते इथेही करत असणार हे मान्य, पण ते शहर म्हणजे मांडवीकाठचं जुनं गोवें, आजची पणजी नाही. पणजीत तेव्हा आदिलशाही वाडा, नदीवरचा पहारा आणि भोवती पाणथळ. साथींनी जुनं शहर ओस पडत गेलं, १७५९ मध्ये व्हाइसरॉयचं बिऱ्हाड पणजीच्या वाड्यात आलं, आणि २२ मार्च १८४३ च्या फर्मानानं पणजी 'नोव्हा गोवा' या नावानं रीतसर राजधानीचं शहर झालं. त्यामुळे शहरी पणजी इंत्रूजचं वय फार ताणलं तरी १८ व्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे नेता येत नाही, आणि आज जी मिरवणूक आपण बघतो तिचं वय तर त्याहून कितीतरी कमी आहे.

जुन्या एंत्रूदोत मिरवणूक नव्हतीच. पोर्तुगालमध्ये तो म्हणजे एकमेकांवर पाणी, पीठ, अंडी, लिंबं, संत्री, जे हाती येईल ते फेकायचं, खिडकीतून खालच्या माणसावर बादली उपडी करायची, झाडूनं बडवायचं. आपल्या धुळवडीच्या जवळचं प्रकरण. गोव्यात त्याचं सौम्य रूप उरलं ते म्हणजे 'कोकोत'. पतंगाच्या पातळ रंगीत कागदाची मुठीत मावेल अशी पुडी, आत पीठ किंवा खडूची भुकटी, तोंड पीळ देऊन बंद, आणि कागद मुद्दामच इतका पातळ घ्यायचा की समोरच्याच्या काळ्या कोटावर आपटल्याबरोबर फुटलाच पाहिजे. मारायचं बाल्कनीतून नाहीतर जाणाऱ्या गाडीतून, नेम साधायचा, राग मानायचा नाही. पुडीत दगड घालणारे महाभाग सगळ्याच गावांत असतात, तसे असणारच.

वरच्या घरांमध्ये आणखी एक प्रकार होता, आसाल्तो, शब्दशः हल्ला. सोंगं घेऊन, मुखवटे लावून, वाजंत्री बरोबर घेऊन रात्री न सांगता ओळखीच्यांच्या घरी घुसायचं, घरवाल्यांनी लटकी तारांबळ दाखवायची आणि मग दिवाणखान्यात नाच. न सांगता म्हणायचं, पण खाण्याची तयारी असायचीच म्हणा.

याच काळाबद्दल एक वर्णन वारंवार सांगितलं जातं, की त्या दिवसांत गोरे मालक तोंडाला काळं फासून गुलाम व्हायचे आणि मोझांबिकहून आणलेले आफ्रिकन गुलाम तोंडाला पीठ फासून मालक व्हायचे, आणि मधले गोंयकार कडेला उभे राहून बघायचे. उलटापालट हा युरोपभरच्या कार्निव्हलचा गाभाच आहे, गुलाम गोव्यात होते हेही पक्कं, त्यामुळे गोष्ट अशक्य नाही. पण आज ती ज्या रूपात सांगतात ते बरंच नंतरचं आहे, एका लेखातून दुसऱ्यात जाताना रंग चढलेलं, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिलेल्याची साक्ष म्हणून न घेता आठवण म्हणून घ्यावी हे बरं.

२० व्या शतकात पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारची राजवट आल्यावर हा सगळा उत्साह थंडावला असं सर्वसाधारण मत आहे. मुखवटा घातलेला जमाव कुठल्याच हुकूमशहाला आवडत नाही. अगदी बंद पडला असं मात्र नाही, क्लबांमधले नाच आणि गावातले खेळ चालू होते, ओसरला तो रस्त्यावरचा भाग. मग १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीज वळणाचं जे जे ते काही काळ जरा संशयातच गेलं.

आजचा कार्निव्हल सुरू झाला तो १९६५ मध्ये. तिमोतेओ फर्नांडिस नावाच्या संगीतकारानं रिओ दि जानेरोच्या धर्तीवर पणजीत मिरवणूक काढायची कल्पना लढवली, म्हणजे चित्ररथ, बँड, नाचणारी पथकं आणि सगळ्यांच्या पुढे राजा मोमो. सुरुवातीच्या काळातला मोमो म्हणूनही त्यांचंच नाव घेतलं जातं. तेव्हाचं वातावरणही लक्षात घ्यायला हवं. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर घराघरात भांडणं, मराठी की कोकणी, आणि जनमत कौल पुढे दोन वर्षांनी १६ जानेवारी १९६७ ला. अशा वेळी रस्त्यावर नाचायचं कारण कोणीतरी काढलं हे विशेषच. नंतर पर्यटन खातं त्यात उतरलं आणि हळूहळू ते सरकारी कॅलेंडरवर पक्कं झालं.

मोमोचं मूळ बघितलं की उसनवारी उघडी पडते. मोमोस हा ग्रीक पुराणातला टिंगलखोर देव, हेसियडच्या वंशावळीत रात्रीचा मुलगा, सगळ्या देवांच्या खोड्या काढल्या म्हणून ऑलिंपसवरून हाकललेला. पण कार्निव्हलचा जाडजूड मुकुटधारी राजा म्हणून त्याला उभं केलं रिओच्या वर्तमानपत्रवाल्यांनी, साधारण १९३३ च्या सुमारास. म्हणजे पणजीच्या रस्त्यावर येऊन "खा, पिये आनी मजा कर" असा हुकूम वाचणारा हा राजा लिस्बनहून आलेला नाही, तो ब्राझीलहून आला, तोही पोर्तुगीज गेल्यावर. पोर्तुगीज वारसा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात तो भाग मुक्तीनंतरचा, आणि खरा जुना भाग लोकांना माहीतच नाही, असा हा उलटा मामला. (पणजीत गाड्यावर मिळणाऱ्या वाफेच्या मोमोंशी राजाचा संबंध नाही, पोटाचा आकार सोडला तर.)

तसं हे फक्त गोव्यातच झालंय असं नाही. कोलोनमध्ये १८२३ मध्ये शहरातल्या मातब्बरांनी समिती नेमून मोकाट कार्निव्हलची शिस्तशीर मिरवणूक केली, नीसमध्ये १८७३ मध्ये तेच, आणि खुद्द रिओतही एंत्रूदोची फेकाफेक सरकारनं दाबली आणि तिच्या जागी आधी बग्ग्यांच्या मिरवणुका आणि पुढे सांबाची पथकं आली. पीठ फेकणाऱ्याला कडेला उभं करून प्रेक्षक करायचं, ही वाट सगळीकडची. पणजीला ती जरा उशिरा सापडली.

मिरवणुकीबद्दल थोडक्यात. शनिवारी पणजी, मग बहुतेक रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा असा क्रम, मार्ग आणि क्रम दोन्ही वर्षागणिक बदलतात. पणजीत तो जुन्या सचिवालयाच्या बाजूनं मांडवीच्या काठानं निघायचा, मध्ये काही वर्षं मिरामार ते दोनापावल असा हलवला होता. रथांचे गट ठरलेले असतात, पारंपरिक, संस्थांचे, घरगुती, विदूषकांचे आणि जाहिरातवाल्यांचे, आणि बक्षिसंही गटानुसार. पारंपरिक म्हणजे ट्रकवर थर्माकोल आणि नारळाच्या झावळ्यांचं गाव उभं करून त्यात रेंदेर (माडाची सूर काढणारा), पोदेर (पाववाला), मासळीवाली. पोदेर सायकलचा भोंपू खराच वाजवतो, त्यामुळे लहान पोरं पाव मागायला धावतात. संध्याकाळी म्युनिसिपल गार्डनसमोर, म्हणजे गार्सिया द ओर्ताच्या बागेपाशी, स्टेज टाकून गाणी चालतात, त्याला सांबा स्क्वेअर म्हणतात. नावच सांगतं कुठल्या देशाकडे तोंड आहे ते.

टीका पहिल्यापासून आहे. दारू आणि गुटख्याच्या कंपन्यांचे रथ, बायकांचं अंगप्रदर्शन म्हणून वापर, यावर १९८० च्या दशकात महिला संघटनांनी आवाज उठवला होता, आणि चर्चकडूनही अधूनमधून सांगितलं जातं की याला धार्मिक सण म्हणू नका. चर्चचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे, उपवासकाळ चर्चचा, त्याआधीचा दंगा कधीच चर्चचा नव्हता.

खरं इंत्रूज बघायचं तर दक्षिण गोव्यातल्या साष्टीत जावं लागतं. तिथे या दिवसांत खेळ निघायचे. गावातल्याच पुरुषांची मंडळी, बायकांच्या भूमिकाही तेच करणार, बरोबर कर्णे आणि ढोल, आणि भाटकाराच्या (जमीनदाराच्या) अंगणात किंवा क्रुसासमोर उघड्यावर छोटी छोटी नाटुकली, मध्ये गाणी. स्टेज नाही, पडदा नाही, म्हणून त्यांना जमिनीवरचे खेळ म्हणतात. एक अंगण झालं की दुसऱ्या वाड्यावर. वर्षभर ज्याच्यापुढे मान वर करायची नाही त्या भाटकाराची, पाद्रीची, बोटीवरून पैसे घेऊन आलेल्या तारवटीची (खलाशाची) टिंगल त्यांच्याच अंगणात करायची मुभा या दिवसांत. याच खेळांना पुढे मंडपात आणून तियात्राच्या, म्हणजे कोकणी रंगमंचीय नाटकाच्या, वळणावर बसवलं तेव्हा खेळ-तियात्र हा प्रकार झाला, आणि मग तो इंत्रूजपुरता न राहता वर्षभर चालायला लागला.

आणि चांदरचा मुसळ खेळ. चांदर हे साष्टीतलंच गाव, म्हणजे जुनं चंद्रपूर, भोज राजांचे ताम्रपट आणि नंतर कदंबांची राजधानी म्हणून माहीत असलेलं. तिथे कोट नावाचा वाडा आहे, नावातच किल्ला, जवळच उत्खननात सापडलेला मुंडकं तुटलेला नंदी. इंत्रूजच्या सोमवारी रात्री या वाड्यावरचे चारडे, म्हणजे बाटून ख्रिस्ती झालेले क्षत्रिय, धोतरासारखं नेसून, डोक्याला पागोटं, पायात घुंगरू, हातात लांब मुसळ घेऊन दोन रांगांत उभे राहतात. घुमट (तोंडाला कातडं लावलेलं मातीचं वाद्य) आणि कांसाळ्याच्या (झांजेच्या) ठेक्यावर मुसळ जमिनीवर आपटत आपटत रांगा पुढे सरकतात, पुढे मशाली, आणि घरोघर जाऊन परत. मुसळ खाली आला की घुंगरांचा आवाज क्षणभर बुडतो, मग परत वर येतो. दुसऱ्या दिवशी गावडे समाजाचा मुसळ खेळ असतो.

गाण्यात हरिहराचं नाव येतं आणि त्यावरून सांगतात की विजयनगरच्या हरिहरानं चोळांना हाकललं त्या विजयाचा हा नाच. यात अडचण अशी की विजयनगर उभं राहिलं १३३६ च्या सुमारास आणि चोळांची सत्ता १२७९ च्या आसपासच संपलेली, शिवाय चोळ चांदरपर्यंत येऊन बसल्याचा पत्ता नाही. जास्त पटणारं असं, की १४ व्या शतकाच्या शेवटी माधव मंत्र्यानं बहमनींकडून गोवा विजयनगरच्या ताब्यात आणला, पुढे दुसरा हरिहर गादीवर होता, त्या काळाची धूसर आठवण गाण्यात राहिली आणि शत्रूचं नाव मागाहून कोणीतरी बसवलं. काही जण विजयबिजय सगळं सोडून याला साधा कांडणाचा, सुगीचा नाच समजतात. मुसळ हे शेवटी कांडायचंच हत्यार आहे, आणि विजयाचा नाच असता तर हातात तलवार नसती का, हा प्रश्न योग्यच आहे. मला वाटतं दोन्ही खरं असू शकतं, सुगीचा नाच आधीचा आणि राजाचं नाव त्यावर नंतर चढलेलं.

हे इंत्रूजच्याच दिवसांत का, याचं उत्तर बहुधा इन्क्विझिशनमध्ये, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयात, आहे. १५६० ते १८१२, मध्ये थोडा खंड धरून, गोव्यात ती होती आणि १७३६ च्या जाहीरनाम्यानं बाटलेल्या लोकांच्या जुन्या चालीरीतींवर, गाण्यांपासून तुळशीपर्यंत, बारीक बंदी घातली. वर्षात ज्या दिवसांत सोंग आणि नाच चालायचाच, त्या दिवसांत आपला जुना नाचही खपून जाणार. तसा लेखी पुरावा नाही, पण तारखांची सोय इतकी नेमकी आहे की दुसरं कारण सुचत नाही. घुमटाचंही असंच नशीब, त्यावर घोरपडीचं कातडं लागायचं, वन्यजीव कायद्यानंतर ते बंद, आता बकऱ्याचं लावतात, आणि २०१९ मध्ये सरकारनं घुमट हे राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

खाण्याचं जास्त सांगायला नको, मांस आणि अंडी संपवायची म्हणून सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण), सान्नां (इडलीसारखे तांदळाचे वाफवलेले पदार्थ), आणि फिलोस, म्हणजे केळं कुस्करून मैदा-अंड्यात घालून तळलेले गोड वडे.

उत्तर कोकणातही हा शब्द पोचला होता. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, आणि मुंबई-वसईकडच्या मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन लोकांमध्ये उपवासाआधीच्या खाण्यापिण्याच्या दिवसांना इंत्रूजच म्हणतात. तिथे ना मोमो ना चित्ररथ.

पणजीत शेवट होतो तो मंगळवारी रात्री क्लुब नासियोनालच्या लाल-काळ्या नाचानं, कपडे त्याच दोन रंगांचे असावे लागतात. बुधवारी सकाळी चर्चमध्ये जी राख लावतात ती मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वाद देऊन घरी नेलेल्या झावळ्या परत आणून जाळलेली असते.